हँडहेल्ड कन्सोलचं नवं मॉडेल आलं की गेम डेव्हलपरला नेमकं काय मिळतं?

१८ ऑगस्ट २०२० ला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर आला. पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. पुराणकथांवर आधारलेला, अनरिअल इंजिन ४ मध्ये बनवलेला हा गेम त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनातही होता.

यातली एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. त्या दिवशी लोकांच्या हातात 'स्विच' या एकाच नावाची तीन वेगळी यंत्रं होती: मार्च २०१७ चा मूळ स्विच, २०१९ मध्ये आतली चिप बदललेला स्विच आणि सप्टेंबर २०१९ चा छोटा स्विच लाइट. गेम विकत घेणाऱ्याकडे यातलं कोणतं असेल, हे स्टुडिओला आधी कळण्याचा मार्ग नसतो. तिन्हींवर तो चालायलाच हवा.

मग नवं मॉडेल आल्याने डेव्हलपरला फायदा काय? आणि तो फायदा कधी वापरता येतो, कधी नाही? या लेखात आपण गेम बॉयपासून स्टीम डेकपर्यंतची खरी उदाहरणं घेऊन हे समजून घेऊ.

रिव्हिजन म्हणजे काय?

कन्सोलची नवी पिढी आणि रिव्हिजन यात फरक आहे. नव्या पिढीत नवं यंत्र, नवी गेम्स आणि नवा पाया असतो. ५ जून २०२५ ला आलेला स्विच २ ही नवी पिढी. रिव्हिजनमध्ये नाव आणि गेम्सचं कुटुंब तेच राहतं, यंत्रात सुधारणा होते. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात:

- गुपचूप बदल: बाहेरून यंत्र तसंच, आतली चिप किंवा स्क्रीन वेगळी. २०१९ चा सुधारित स्विच.
- रूप बदलणारा बदल: आकार, वजन, स्क्रीन, बॅटरी वेगळी, ताकद तीच. स्विच लाइट, स्विच ओएलईडी, स्टीम डेक ओएलईडी.
- ताकद वाढवणारा बदल: सीपीयू वेगवान, रॅम जास्त, नवी बटणं. गेम बॉय कलर, निन्टेन्डो डीएसआय, न्यू निन्टेन्डो ३डीएस.

तिसरा प्रकार ऐकायला सगळ्यात भारी वाटतो. पण डेव्हलपरची सगळ्यात जास्त पंचाईतही तोच करतो. का, ते पुढे येईल.

आधी डेव्हलपरचं बजेट समजून घ्या

गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एका चित्रासाठी, म्हणजे एका फ्रेमसाठी, १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बटण वाचायचं, शत्रूने काय करायचं ते ठरवायचं, टक्कर तपासायची, चित्र काढायचं आणि आवाज तयार करायचा. ३० फ्रेम्स ठेवल्या तर ३३.३ मिलिसेकंद मिळतात. हे झालं वेळेचं बजेट. त्यासोबत आणखी चार असतात:

- मेमरी: एका वेळी किती चित्रं, आवाज, नकाशा हाताशी ठेवता येतो.
- मेमरीचा वेग: तो माल चिपपर्यंत किती लवकर पोचतो.
- वीज आणि उष्णता: बॅटरी किती पुरते, चिप किती तापते.
- इनपुट: कोणती बटणं, स्टिक, टच, कॅमेरा, माइक.

मनीषनगरला राहिलेल्यांना इथलं रेल्वे फाटक आठवत असेल. गाडी कितीही भारी असो, फाटक पडलं की सगळे सारखेच थांबायचे. पुढे उड्डाणपूल आणि अंडरपास झाला तेव्हा जुन्या स्कूटरवाल्याचाही वेळ वाचला. हार्डवेअरचं असंच आहे. तुमच्या गेमचं फाटक मेमरीच्या वेगाशी असेल तर दुप्पट वेगाचा सीपीयू मिळूनही फार काही हाती लागत नाही. म्हणून नव्या मॉडेलच्या बातमीत पहिला प्रश्न हा विचारायचा: या बदलाने माझं फाटक उघडतंय का?

गेम बॉय ते गेम बॉय कलर: मराठी अक्षरांचा हिशेब

१९८९ च्या मूळ गेम बॉयमध्ये सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झचा सीपीयू, ८ किलोबाइट कामाची रॅम आणि ८ किलोबाइट व्हिडिओ रॅम होती. स्क्रीन १६० × १४४ पिक्सेलची, चार छटांची. ऑक्टोबर १९९८ मध्ये जपानमध्ये गेम बॉय कलर आला. त्यात सीपीयू दुप्पट वेगाने चालवायची सोय, ३२ किलोबाइट रॅम आणि १६ किलोबाइट व्हिडिओ रॅम मिळाली. ३२,७६८ रंगांतून निवडून एका वेळी ५६ रंग सहज दाखवता येऊ लागले.

रंग सगळ्यांना दिसले. पण डेव्हलपरसाठी मोठी गोष्ट होती व्हिडिओ रॅमची दुसरी बँक. समजा, आपल्याला गेम बॉयवर मराठी संवाद दाखवायचे आहेत.

गेम बॉय चित्र पिक्सेल-पिक्सेल साठवत नाही. तो ८ × ८ पिक्सेलच्या फरशा, म्हणजे टाइल्स, मांडतो. एक टाइल १६ बाइटची. स्क्रीनवर आडव्या २० आणि उभ्या १८ टाइल्स बसतात. मूळ गेम बॉयमध्ये एकूण ३८४ टाइल्सची जागा आहे, पण मागच्या दृश्याला एका वेळी त्यातल्या २५६ च वापरता येतात.

इंग्रजीसाठी २६ मोठी अक्षरं, १० अंक आणि थोडी चिन्हं, म्हणजे ४०-४५ टाइल्समध्ये काम भागतं. त्याच टाइल्स पुन्हा पुन्हा वापरायच्या. मराठीत वेलांटी, उकार, रफार, जोडाक्षरं आहेत. वरची मात्रा आणि खालचा उकार धरला तर एक ओळ ८ पिक्सेलमध्ये नीट बसतच नाही, १६ लागतात. शिवाय 'क्ष', 'त्र', 'र्‍या' यांसारख्या जोडण्या इतक्या होतात की तयार टाइल्सचा संच पुरत नाही. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक वाक्य आधी चित्र म्हणून काढायचं आणि त्याच्या टाइल्स भरायच्या. दोन ओळींची संवादपेटी २० × ४, म्हणजे ८० टाइल्स खाते. २५६ पैकी जवळपास एक तृतीयांश जागा नुसत्या अक्षरांत गेली. डोंगर, घर, झाडं काढायला उरल्या १७६.

गेम बॉय कलरमध्ये दुसऱ्या बँकेत आणखी ३८४ टाइल्सची जागा आहे. नकाशातल्या प्रत्येक चौकोनासोबत एक जादा बाइट असतो. ही टाइल कोणत्या बँकेतून घ्यायची आणि कोणते रंग वापरायचे, हे तो बाइट सांगतो. मग संवादपेटी दुसऱ्या बँकेत टाकायची, आणि पहिल्या बँकेतल्या २५६ च्या २५६ टाइल्स दृश्यासाठी मोकळ्या. एका रिव्हिजनमुळे 'मराठीत गोष्ट सांगणारा गेम' ही कल्पना अडचणीतून आवाक्यात येते.

आता यातली मेख. हा जादा बाइट जुन्या गेम बॉयला कळत नाही. कार्ट्रिजच्या सुरुवातीच्या माहितीत ०१४३ या पत्त्यावर (सोळा-आधारी पद्धतीत) एक बाइट असतो. तिथे ८० लिहिलं तर गेम दोन्हींवर चालतो, सी० लिहिलं तर तो फक्त कलरसाठी असतो. दोन्हींवर चालणारा गेम करायचा असेल तर अक्षरं आणि दृश्य पुन्हा २५६ मध्येच कोंबावं लागतं. म्हणजे नवी जागा हातात असूनही तिचा पुरा वापर करायचा तर जुने ग्राहक सोडावे लागतात.

पोकेमॉन मालिकेत हे दोन्ही निर्णय दिसतात. १९९९ चे गोल्ड आणि सिल्व्हर जुन्या गेम बॉयवरही चालत. डिसेंबर २००० चा क्रिस्टल मात्र फक्त कलरसाठी आला. तोवर कलर मॉडेल बाजारात येऊन दोन वर्षं झाली होती.

पीएसपी: ताकद आत होती, परवानगी नव्हती

सोनीचा पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आला. त्याचा सीपीयू ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत चालू शकत होता, पण गेम्सना मर्यादा २२२ ची होती. २००७ मध्ये ३.५० या फर्मवेअर अपडेटने ती मर्यादा उठली. मार्च २००८ मध्ये आलेल्या 'गॉड ऑफ वॉर: चेन्स ऑफ ऑलिम्पस'ने त्याचा फायदा घेतला.

गंमत बघा, इथे हार्डवेअर बदललंच नाही. अपडेट केलेल्या प्रत्येक पीएसपीला, अगदी पहिल्या मॉडेललाही, हा वेग मिळाला. नवा पाया सगळ्यांसाठी एकदम वर गेला.

याउलट २००७ च्याच पीएसपी-२००० मॉडेलमध्ये रॅम ३२ वरून ६४ मेगाबाइट झाली. दुप्पट! पण आधीच्या मॉडेलवरही चालायला हवी असलेली गेम्स त्या रॅमवर उभी राहू शकत नव्हती. जादा रॅमचा उपयोग मुख्यतः डिस्कवरचा डेटा आधीच वाचून ठेवायला आणि लोडिंग कमी करायला झाला.

दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. वेग सगळ्यांना मिळाला म्हणून गेम बदलला. रॅम काहींनाच मिळाली म्हणून फक्त लोडिंगचा वेळ कमी झाला.

डीएसआय आणि न्यू ३डीएस: दोन तुकडे झालेला बाजार

नोव्हेंबर २००८ च्या निन्टेन्डो डीएसआयमध्ये सीपीयू ६७ वरून १३३ मेगाहर्ट्झवर गेला, रॅम ४ वरून १६ मेगाबाइट झाली, दोन कॅमेरे आले. बहुतेक स्टुडिओंनी काय केलं? गेम सगळ्या डीएसवर चालेल असा ठेवला आणि डीएसआयवर एखादी जादा सोय दिली. २०१० चे पोकेमॉन ब्लॅक आणि व्हाइट कोणत्याही डीएसवर चालत, डीएसआयवर मात्र कॅमेऱ्याने व्हिडिओ चॅटही करता येई.

२०१४ च्या न्यू निन्टेन्डो ३डीएसमध्ये तर दोन कोअरच्या २६८ मेगाहर्ट्झ सीपीयूऐवजी चार कोअरचा ८०४ मेगाहर्ट्झचा आला. रॅम १२८ वरून २५६ मेगाबाइट, जादा स्टिक आणि दोन जादा बटणं. यावर डेव्हलपर्सनी तीन वेगळे मार्ग निवडले:

- फक्त नव्यासाठी: 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स ३डी' (२०१५). मूळ गेम वी कन्सोलचा, मोठ्या मोकळ्या जगाचा. तो न्यू मॉडेलशिवाय चालतच नाही.
- दोन्हींवर, पण नव्यावर जादा: 'हायरूल वॉरियर्स लेजंड्स' (२०१६). चष्म्याशिवायचं थ्रीडी चित्र फक्त न्यू मॉडेलवर.
- जुन्यावर ओढाताण करून: 'सुपर स्मॅश ब्रदर्स'. जुन्या ३डीएसवर हा गेम इतकी मेमरी घेई की बाहेर पडताना यंत्र पुन्हा सुरू व्हायचं.

छोट्या स्टुडिओंसाठी आणखी एक दार उघडलं. युनिटी इंजिनला फक्त न्यू मॉडेलवर आधार मिळाला. स्वतःचं इंजिन लिहायची ऐपत नसलेल्या दोन-चार जणांच्या टीमला पहिल्यांदाच ३डीएस आवाक्यात आला. म्हणजे रिव्हिजनमुळे मिळणारी नवी शक्यता कधी कधी गेमच्या दृश्यात नसते. 'कोण गेम बनवू शकतं' यातच ती असते. त्या बदल्यात आधीपासून लाखोंनी विकल्या गेलेल्या जुन्या ३डीएसचे ग्राहक सोडायचे, हा सौदा होता.

स्विच: चिप सुधारली, वेग मुद्दाम तोच ठेवला

आता पुन्हा राजीच्या यंत्राकडे येऊ. मूळ स्विचमधली टेग्रा एक्स१ चिप २० नॅनोमीटर पद्धतीने बनलेली. २०१९ च्या रिव्हिजनमध्ये तीच रचना १६ नॅनोमीटरवर आली. लहान आणि सुधारित ट्रान्झिस्टरला त्याच वेगासाठी कमी व्होल्टेज पुरतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज थोडं उतरलं तरी वीज बरीच वाचते. बॅटरी तीच ४३१० मिलिअँपिअर-तासांची. पण कंपनीने सांगितलेला खेळायचा वेळ २.५ ते ६.५ तासांवरून ४.५ ते ९ तासांवर गेला.

वाचलेली वीज वेगासाठीही वापरता आली असती. तसं केलं नाही. रॅम ४ गिगाबाइटच राहिली, गेम्सना मिळणारे क्लॉक स्पीडही तेच राहिले. २०२१ च्या ओएलईडी मॉडेलमध्येही स्क्रीन ७ इंची आणि स्टोरेज ६४ गिगाबाइट झालं, कामाची ताकद तीच.

एखाद्या डेव्हलपरला वाटेल, हे तर निराशाजनक आहे. पण क्राउडफंडिंगची मोहीम अयशस्वी झाल्यावरही गेम पूर्ण करणाऱ्या, राजीच्या टीमसारख्या छोट्या स्टुडिओच्या जागी उभं राहून बघा. तीन मॉडेल्सचे तीन वेगळे वेग असते तर चाचणी तिप्पट, बग शोधणं तिप्पट, खर्चही तसाच. वेग एकच ठेवल्यामुळे दोनच मुख्य स्थिती सांभाळायच्या राहिल्या: हातात धरून ७२० पर्यंतचं रेझोल्यूशन आणि डॉकला लावून १०८० पर्यंतचं. हातात असताना जीपीयू सुमारे ३०७ ते ४६० मेगाहर्ट्झवर चालतो, डॉकमध्ये ७६८ पर्यंत.

तरी मॉडेल्समधले फरक गेमच्या रचनेत घुसतातच. स्विच लाइटचा स्क्रीन ५.५ इंचांचा, मूळचा ६.२. तेच सबटायटल लाइटवर बारीक दिसतं. लाइटला डॉक नाही, कंट्रोलर सुटे होत नाहीत, एचडी रंबल नाही. कंट्रोलर हलवून एखादं कोडं सोडवायला लावलं, तर लाइटवाल्याला दुसरा मार्ग द्यावा लागतो.

रिव्हिजन काढूनही घेते

डीएसआयने कॅमेरे दिले, पण गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजची खाच काढून टाकली. 'गिटार हिरो: ऑन टूर' या गेमची बटणांची पट्टी त्याच खाचेत बसायची. तो गेम नव्या मॉडेलवर खेळता येईनासा झाला. २००९ च्या पीएसपी गोमध्ये डिस्क टाकायची जागाच नव्हती. म्हणून एखाद्या खास पोर्टवर किंवा सेन्सरवर अख्खा गेम उभा करताना विचार करायचा: पुढच्या स्वस्त मॉडेलमध्ये कंपनी काय कापेल? बहुतेक वेळा उत्तर असतं, जे कमी गेम्स वापरतात ते.

स्टीम डेक, ओएलईडी आणि नागपूरचा मे महिना

स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, त्याचं ओएलईडी मॉडेल नोव्हेंबर २०२३ मध्ये. चिप ७ वरून ६ नॅनोमीटरवर, मेमरीचा वेग ५५०० वरून ६४०० मेगाट्रान्सफर, बॅटरी ४० वरून ५० वॉट-तास, स्क्रीन ६० वरून ९० हर्ट्झ. रॅम दोन्हींत १६ गिगाबाइट. व्हॉल्वने इथेही डेव्हलपर्ससाठी कामगिरीचं लक्ष्य एकच ठेवलं.

पण ९० हर्ट्झचा स्क्रीन एक जुनी चूक उघडी पाडतो. समजा तुम्ही लिहिलंय, 'प्रत्येक फ्रेमला नायक ५ पिक्सेल पुढे'. ६० फ्रेम्सला तो सेकंदात ३०० पिक्सेल जाईल, ९० ला ४५० जाईल. उडी वेगळी, शत्रू वेगळा, अख्खा गेम वेगळा. हालचाल नेहमी वेळेवर मोजायची, फ्रेमवर नाही.

दुसरा मुद्दा आपल्या भागाचा आहे. व्हॉल्वच्या मते डेकसाठी खोलीचं तापमान ० ते ३५ अंश चांगलं. चिप १०० अंशांना पोचली की ती वेग कमी करते, १०५ ला बंद होते. निन्टेन्डोही स्विचसाठी ५ ते ३५ अंश सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा जातो आणि वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, कूलर बंद असताना, ३५ ही संध्याकाळची गोष्ट असते.

साधा हिशेब करू. उष्णता किती बाहेर फेकली जाईल, हे चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली २५ अंश असेल तर १०० पर्यंत फरक ७५ चा. खोली ४२ असेल तर ५८ चा. एखादं यंत्र २५ अंशांच्या खोलीत १५ वॉट जेमतेम बाहेर टाकत असेल, तर ४२ मध्ये त्याला साधारण ११.६ वॉटच जमतील. उरलेलं कुठे जाणार? वेग कमी होतो, फ्रेम्स पडतात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी फावल्या वेळात एक छोटा गेम करत होतो. चाचणी माझ्या नव्या हँडहेल्डवर, हिवाळ्यात, एकदम मस्त. मे महिन्यात मनीषनगरातल्याच एका मित्राकडे त्याच्या जुन्या मॉडेलवर दाखवायला गेलो, तेव्हा लाइट गेलेली होती. दहा मिनिटांत ६० चे ३८-४० फ्रेम्स झाले आणि माझी उडीची वेळच चुकायला लागली. मित्र म्हणाला, "गेम कठीण आहे बे." गेम कठीण नव्हता, माझी चाचणी सोपी होती. नंतर मी धूर आणि सावल्या कमी केल्या, ४० फ्रेम्सचा पर्याय दिला आणि मगच बाकीचं काम पुढे नेलं.

४० हा आकडा विचित्र वाटतो, पण तो कामाचा आहे. ३० फ्रेम्सला ३३.३ मिलिसेकंद, ६० ला १६.७. बरोबर मधली वेळ २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० फ्रेम्स. २०२२ मध्येच एका सॉफ्टवेअर अपडेटने पहिल्या स्टीम डेकचा स्क्रीन ४० ते ६० हर्ट्झमध्ये बदलता येऊ लागला आणि हा पर्याय खुला झाला. पीएसपीसारखंच, जुन्या यंत्रालाही.

मग डेव्हलपरने काय करावं?

नव्या मॉडेलची कोणतीही सोय वापरण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही सोय सगळ्यांकडे आहे का? ती नेहमी मिळते का, की फक्त डॉकमध्ये, थंड खोलीत, चार्जर लावल्यावर? आणि ती नसेल तर गेम खेळता येतो का?

तिन्हींची उत्तरं 'हो' आली तर बिनधास्त त्यावर गेम उभा करा. नाहीतर पुढची पद्धत ठेवा:

१. पाया सगळ्यात जुन्या मॉडेलवर बांधा. शत्रूंची संख्या, जगाचा आकार, उडीची वेळ या गोष्टी जुन्या यंत्राच्या बजेटमध्ये बसवा.

२. जादा ताकद दिसण्यावर खर्च करा. सावल्या, रेझोल्यूशन, लोडिंग, फ्रेम रेट. हे कमी-जास्त झालं तरी गेम तोच राहतो.

३. मॉडेलचं नाव तपासू नका, क्षमता तपासा. 'मॉडेल अमुक असेल तर' असा कोड उद्या नवं मॉडेल आलं की फसतो. 'रॅम किती, स्क्रीन किती हर्ट्झ, जायरो आहे का' असं विचारणारा कोड टिकतो.

४. फ्रेमच्या बजेटमध्ये जागा मोकळी सोडा. १६.६७ मिलिसेकंदांपैकी १३-१४ मध्येच काम संपवा. उरलेलं उन्हाळ्यासाठी.

५. किमान वीस-तीस मिनिटं सलग चाचणी करा. पहिल्या पाच मिनिटांत यंत्र थंड असतं, तेव्हा सगळंच छान चालतं.

जुनं यंत्र चाचणीसाठी घेताय?

स्विचचं कोणतं मॉडेल आहे ते यंत्रावरच्या बारीक अक्षरांतल्या मॉडेल क्रमांकावरून कळतं. एचएसी-००१ हा मूळ, त्यापुढे कंसात -०१ असेल तर २०१९ ची रिव्हिजन, एचडीएच-००१ लाइट, एचईजी-००१ ओएलईडी. खेळायला २०१९ चं किंवा नंतरचं बरं. चाचणीला मात्र २०१७ चं मूळ मॉडेल सोन्यासारखं, कारण ते सगळ्यात जास्त वीज खातं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नवं मॉडेल घेतलं की जुना गेम आपोआप वेगात चालतो का?*
बहुतेक वेळा नाही. कंपनीने क्लॉक स्पीड तोच ठेवला असेल तर काहीच फरक नाही. वाढवला असेल तरी अनेकदा जुने गेम जुन्याच वेगाने चालवले जातात, म्हणजे त्यांची वेळ बिघडत नाही. गेम बॉय कलरमध्ये दुप्पट वेग गेमला स्वतः मागावा लागतो.

*यंत्र विकत न घेता हे शिकता येईल का?*
हो. जीबी स्टुडिओ हे मोफत साधन घ्या. त्यात फक्त एकरंगी, दोन्हींसाठी आणि फक्त कलरसाठी असे पर्याय निवडता येतात. एकच दृश्य तिन्हींत करून बघा. टाइल्स कुठे संपतात ते लगेच कळतं.

*नव्या मॉडेलसाठीच गेम काढणं कधी योग्य?*
जेव्हा कल्पनाच जुन्यावर शक्य नसते आणि नवं मॉडेल पुरेशा हातांत पोचलेलं असतं, तेव्हा. पोकेमॉन क्रिस्टलने त्यासाठी दोन वर्षं वाट पाहिली होती.

*नागपुरात बसून हँडहेल्डसाठी गेम करणं खरंच जमेल का?*
जमेल. चाचणीसाठी एक जुनं यंत्र आणि मे महिन्यातली एक दुपार एवढं तरी हवं. दुसरी गोष्ट आपल्याकडे फुकट आहे.